बाराव्या मुलीची तीन मिनिटं

७ जानेवारी

ताई,

फोनवर तू हॅलो हॅलो करत बसतेस आणि मी नुसती श्वास घेत राहते, म्हणून पत्र. शुद्धलेखन बघू नकोस. नववीत शाळा सुटलीय माझी.

आपण बास्केटबॉलची लीग जिंकली. परत. पण कारखान्यात कुणाला त्याचं काही नाही. गोंदाच्या मशिनवरचे काका म्हणाले, "लीग काय, लीग तुम्ही झोपेतही जिंकता. बाद फेरीत काय दिवे लावता ते बघू." खरंच आहे. तीन वर्षं झाली, लीगमध्ये पहिला नंबर आणि बाद फेरीत डबा गुल. कमिटीने सरांना सांगून टाकलंय, यंदा कप नाही आला तर नवीन कोच.

नवीन कोच ठरल्यासारखाच आहे. परवा हॉल बघून गेला. बाहेरचे बूट घालून तसाच कोर्टावर फिरला आणि सर मागून फडकं घेऊन पुसत गेले. मुली हसल्या. मला हसू नाही आलं.

तो आठच मुली ठेवणार म्हणे. उरलेल्या चौघींना नारळ. नोकरी टीममुळेच आहे, टीममधून नाव गेलं की पुठ्ठ्याच्या मशिनवरून पण नाव जातं आणि हॉस्टेलची खाट पण. मला परत दादा-वहिनीकडे जावं लागेल. त्यांची एकच खोली आहे आणि आता बाळ पण आहे. मागच्या वेळी गेले होते तर वहिनी काही बोलली नाही, फक्त माझी पिशवी दाराजवळच राहू दिली.

सगळा वाद सरांच्या नियमावर आहे. बारा जणींनी जर्सी घातली तर बारा जणी खेळणार, मॅच कुठलीही असो. लीगमध्ये त्याचा फायदा होतो, बाकीच्या टीम शेवटी शेवटी दमतात, आपण नाही. बाद फेरीत मात्र समोरचे त्यांच्या चांगल्या सहा जणींनाच पळवतात, आणि सर तिथेही बाराव्या मुलीला उठवतात. ती बारावी म्हणजे मी. तिसरा क्वार्टर संपत आला की सर माझ्याकडे बघतात. मी आत जाते, खांब बाहेर येते. खांब म्हणजे आपली आताची कॅप्टन, तू तिला ओळखत नाहीस, दारातून वाकून येते इतकी उंच. तिच्या खालोखाल उंच मीच. तीन मिनिटं खेळते मी, आणि त्या तीन मिनिटांत आपली आघाडी पातळ होते. मुली म्हणतात, "मुकी आली, पाणी प्यायला जा, बघवणार नाही." प्रेमाने म्हणतात. पण म्हणतात.

सरांनी मला घेतलं तेव्हा कुणीतरी म्हणालं होतं, ही तर बोलतच नाही. सर म्हणाले, "बरंय की. पंचांशी भांडून फाऊल तरी घेणार नाही." तेवढ्यावर मी इथे आहे.

तू सरांची कॅप्टन होतीस. सांग, सर जावेत की राहावेत? कमिटी एकेकीला बोलावून विचारणार आहे. मला काय सांगावं तेच कळत नाही. कळलं तरी तोंडातून निघायचं नाही.

तुझी,
मुकी

१५ जानेवारी

मुके,

डेपोत बसून लिहितेय, बसचं ब्रेक लायनर बदलतायत. हात काळे आहेत, कागदावर डाग पडला तर अत्तर समज.

सरळ सांगते. जावेत.

माणूस म्हणून सरांना तोड नाही. मला ताप आला होता तेव्हा स्वतः रात्रभर खुर्चीत बसले होते. पण देवमाणसाच्या हातात टीम देऊ नये. देवमाणसाला सगळीच लेकरं सारखी. समोरच्या टीमला तसं नसतं.

तुला कुणी सांगितलं नसेल. मी असताना आपण फायनलला गेलो होतो. शेवटचा क्वार्टर, चार पॉइंट पुढे. माझा हात असा बसला होता की डोळे मिटून टाकलं तरी आत. आणि सरांनी मला बसवलं. एका पोत्यासारख्या मुलीला उठवलं, तिला बिचारीला बॉल म्हणजे गरम तवा. मी बेंचवरून बघत होते. चारचे झाले शून्य. मी परत आत गेले तोवर तो बसलेला हात गेला होता माझा. एका पॉइंटने हरलो. मी विचारलं, सर, का? तर म्हणतात, "तुझी पाळी होती बसायची." बसायची पाळी, फायनलला. त्या दिवसानंतर मी त्यांच्याशी एक शब्द बोललेले नाही, आणि ही नोकरी मिळाली तशी निघून आले. आजही सिग्नलला थांबले की ती मॅच दिसते. मागचे हॉर्न वाजवतात तेव्हा शुद्धीवर येते.

म्हणून म्हणते, जावेत. पण तू हे कमिटीला सांगू नकोस, वेडे. सर गेले की पहिली कुऱ्हाड तुझ्यावर. तू आपली म्हण, सर चांगले आहेत. तीन शब्द आहेत. आरशासमोर म्हणून बघ.

बाकी, वहिनीच्या घरी जायची वेळ आली तर माझ्याकडे ये असं म्हटलं असतं, पण आम्ही तिघी एका खोलीत पाळीपाळीने झोपतो. उगाच गोड बोलून काय करू?

ताई

२ फेब्रुवारी

ताई,

आरशासमोर म्हटलं. नीट म्हटलं. माझ्या रूममधली चिमणी, टीममधली सगळ्यात बुटकी, दारात उभी राहून ऐकत होती, म्हणाली, "कोणासाठी प्रॅक्टिस चाललीय?"

मग कमिटीच्या खोलीत गेले. तिथे तिघं होते. मोठे साहेब, हिशोबाचे साहेब आणि एक बाई लिहून घ्यायला. साहेबांनी विचारलं, "सरांबद्दल काही तक्रार?" मी मान हलवली, नाही म्हणून. बाई म्हणाल्या, "तोंडाने सांग बाळा." आणि झालं. शाळेत वाचायला उभं केल्यावर व्हायचं तसंच. मी टेबलाच्या काचेखालचं कॅलेंडर बघत बसले. साहेब म्हणाले, "घाबरू नकोस, सरांना कळणार नाही." मी आणखीच घाबरले. शेवटी हिशोबाचे साहेब बाईंना म्हणाले, "लिहा, नाराज आहे, पण बोलायला भिते." मी बाहेर आले तेव्हा ते वाक्य लिहून पण झालं होतं.

म्हणजे सरांच्या विरुद्ध मीच बोलले असं झालं. न बोलता.

चिमणी म्हणते, इतर सगळ्यांनी पण गोलगोलच सांगितलं. सर चांगले आहेत, पण. प्रत्येकीचा पण वेगळा. खांबने एकटीने टेबलावर हात आपटला म्हणे. म्हणाली, "सर गेले तर मी पण जाते." साहेब म्हणाले, बघू.

सेमी आपण जिंकली. दोन पॉइंटने. मी आत गेले तेव्हा नऊने पुढे होतो, बाहेर आले तेव्हा दोनने. हॉलमध्ये कारखान्याचे लोक आले होते, त्यातला एक ओरडला, "मास्तर, तिला बसवा हो, आमचा जीव जातोय." सर मागे वळले पण नाहीत. मी बेंचवर आले तेव्हा टॉवेल दिला आणि म्हणाले, "त्यांच्या उंच मुलीच्या आडवी उभी राहिलीस ते बरं केलंस." ताई, मी आडवी उभी नव्हते राहिले. मला हलता येत नव्हतं.

मॅचनंतर मोठे साहेब सरांना बाजूला घेऊन बोलत होते. मी बॉल गोळा करत होते, ऐकू आलं. साहेब म्हणाले, "फायनलला एवढं एकदा. एक मुलगी नाही खेळली तर आभाळ कोसळणार नाही." सर म्हणाले, "मग तिला जर्सी देऊच नका." साहेब म्हणाले, "तुमची मर्जी. आमची पण मर्जी आहे."

फायनल सोळाला आहे. सर माझ्यामुळे जाणार आणि सर गेले की मी जाणार. सरांना जाऊन सांगू का, की मला नका उठवू? ते ऐकणार नाहीत. तू सांग काहीतरी. लवकर सांग.

मुकी

८ फेब्रुवारी

मुके,

गडबडीत लिहितेय. पत्र वेळेत पोचावं म्हणून आपल्याच एका ड्रायव्हरच्या हाती देतेय, तो तिकडे चाललाय.

सर नियम मोडणार नाहीत. मी ओळखते. उभे चिरले तरी नाही. पण जखमी मुलीला ते खेळवत नाहीत, हा पण त्यांचाच नियम. मग जखमी हो.

खरंच पाय मोडून घे असं नाही म्हणत. मॅचच्या आधी सगळ्या जणी उड्या मारून गरम होतात ना, तेव्हा एकदा वाकडी खाली ये. डावा घोटा धर. तू तशीही बोलत नाहीस, कुणी काही विचारणार नाही. तोंड वेडंवाकडं कर, तेवढं जमेल. पट्टी बांधली की आतलं कुणाला दिसतंय?

सरांची मान ताठ राहील, अकरा जणी खेळतील, कप येईल, सर राहतील, तू राहशील. यात कुणाचं काय जातंय, सांग मला.

खरं सांगू? माझ्या वेळेला त्या पोत्याला कुणी ही अक्कल दिली असती तर मी आज बस चालवत नसते.

पत्र फाडून टाक.

ताई

२० फेब्रुवारी

ताई,

तुला कळलं असेल. कप आला.

तू सांगितलंस तसंच केलं. उडी मारली, वाकडी आले, घोटा धरला. ओरडले नाही, पण बसले खाली. सगळ्या धावल्या. खांबने मला उचलून बेंचवर आणलं, लहान पोराला आणतात तसं. सर आले. गुडघ्यावर बसले, माझा बूट काढला, मोजा काढला. अंगठ्याने सगळीकडून दाबून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मी तोंड वाकडं केलं. त्यांना इतकं वाईट वाटलं की ते काही बोललेच नाहीत. पट्टी बांधली, घट्ट. वर बर्फाची पिशवी ठेवली आणि हळूच म्हणाले, "बस इथे."

मॅच चांगली चालली. एवढी चांगली की मला वाटलं, ताईचं खरं होतं, मीच होते पनवती. तिसरा क्वार्टर संपत आला आणि सर सवयीने माझ्याकडे वळले. मग पट्टीकडे बघून परत कोर्टाकडे वळले. समोरच्या टीममध्ये एक सव्वासहा फुटी मुलगी होती, तिच्यासमोर उभं राहायला आपल्याकडे खांब आणि मी, दोघीच. चिमणीला उभं केलं असतं तर ती तिच्या कोपराखालून निघून गेली असती. टाईमआउटमध्ये सरांनी खांबला विचारलं, "आज न बसता चालेल का?" ती म्हणाली, "चालेल." तिचे ओठ पांढरे झाले होते. मी जवळ बसले होते, मला दिसत होते.

चौथ्या क्वार्टरमध्ये ती उडी मारायची ती अर्धीच मारायची. रिबाउंडला हात वर जायचा आणि पाय मागून यायचे. सर बोटं मोडत होते. दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मी पट्टी सोडून उभी राहिले असते तर. मला ते सुचलं. खरंच सुचलं, ताई. मी बर्फाची पिशवी दोन्ही हातांनी धरून ठेवली.

शेवटच्या मिनिटाला ती खाली आली आणि गुडघा आत गेला. बाजूला नाही, आत. आवाज आला. हॉलमध्ये एवढा गोंधळ, तरी मला ऐकू आला. पडता पडता तिने बॉल चिमणीला दिला. चिमणीने टाकला. एका पॉइंटने जिंकलो.

सगळे कोर्टावर आले. साहेब सरांना मिठी मारत होते, काका नाचत होते, आणि मधे खांब पडली होती. लोक तिच्यावरून उड्या मारून जात होते. डॉक्टर म्हणाले, आतल्या दोन दोऱ्या तुटल्यात. ऑपरेशन करून चालता येईल. खेळायचं विसरा.

ताई, मला इतके दिवस वाटायचं सर दया म्हणून मला तीन मिनिटं देतात. ती माझी नव्हतीच. खांबची होती, बसायची.

कुणालाच माहीत नाही. मी अजून पट्टी बांधूनच फिरते. काढायची कधी तेच कळत नाही.

मुकी

३ मार्च

मुके,

तुझं पत्र चार दिवस खिशात होतं.

कुणाला काही सांगू नकोस. आता सांगून तिचा गुडघा जोडला जाणार नाही. सर राहिले, तू राहिलीस, कप आला. जे झालं ते झालं. खेळात कुणाचा गुडघा कधी जाईल सांगता येत नाही, तू खेळली असतीस तरी गेला असता कदाचित. कदाचित तूच हरवलं असतंस. असं म्हणून झोपत जा. मी पण तसंच करते.

सरांना मी पत्र टाकलं. इतक्या वर्षांनी. अभिनंदन लिहिलं, आणि लिहिलं, शेवटी तुम्ही शहाणे झालात. रागावू नकोस, तुझं पत्र यायच्या आधीच टाकलं होतं. आता परत काढता येत नाही.

काल दिवसभर घाटाच्या रूटवर होते. दर वळणाला क्लच. डाव्या पायाने किती वेळा दाबला असेल, देव जाणे. उतरले तेव्हा कंडक्टर म्हणाला, "बाई, तुमचे गुडघे कसले हो, आम्ही तिशीत कुरकुरतो." मी म्हटलं, नशीब.

मग रात्री सरांचं ते "तुझी पाळी होती बसायची" आठवत बसून राहिले. एवढंच.

पट्टी काढ. लंगडू नकोस फार, सवय लागते.

ताई

२८ मार्च

ताई,

हे पत्र मोठं होईल. मी बोलले, म्हणून.

कमिटीने सरांना तीन वर्षांसाठी ठेवलं. नवीन कोच येत नाही. मोठे साहेब कँटीनमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "आम्ही यांना काढायला निघालो होतो, केवढी चूक झाली असती." लोक हसले. सर पण हसले. मग सर खांबबद्दल म्हणाले, "खेळात लागायचंच." हे साहेबांचं वाक्य आहे. सरांच्या तोंडी मी कधी ऐकलं नव्हतं. आपल्या एखादीच्या बोटाला लागलं तरी ते मॅच सोडून धावायचे.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला त्यांनी आठ जणींना एका बाजूला उभं केलं. तिघी दुसऱ्या बाजूला. चिमणी म्हणाली, "सर, आणि बारा जणी?" सर म्हणाले, "बघितलं ना, त्याशिवाय जिंकता येतं." मी त्या तिघींत होते. चौथी जागा खांबची, ती हॉस्पिटलमध्ये होती.

मी प्रॅक्टिस संपेपर्यंत थांबले. सर जाळ्या बांधत होते. मी जवळ गेले आणि म्हटलं, "सर, माझा पाय मुरगळला नव्हता." सगळं एका दमात म्हटलं. आरशाशिवाय. म्हटलं, आपण नियमामुळे हरत नव्हतो, माझं नाटक होतं, खांबचा गुडघा माझ्यामुळे गेला, तुम्ही नियम सोडू नका, मला काढायचं तर काढा.

सरांनी जाळी सोडली नाही. म्हणाले, "माहितेय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ते म्हणाले, "वीस वर्षं घोटे बांधतोय. सूज नाही, गरम नाही, दाबलं तर तू उशिरा तोंड वाकडं केलंस. मला बांधतानाच कळलं."

मी विचारलं, "मग का नाही बोललात?"

ते म्हणाले, "तू पण नाही बोललीस."

मग बराच वेळ आम्ही दोघं गाठी मारत राहिलो. ते म्हणाले, "इतकी वर्षं मी वाट बघत होतो ग, कुणीतरी माझ्याऐवजी तो नियम मोडावा म्हणून. तू मोडलास. मी फक्त पट्टी बांधली." मग म्हणाले, "तुझ्या ताईचं पत्र आलं. म्हणते, शहाणे झालात." खिशातून काढून दाखवलं. हसले. मला ते हसू बघवलं नाही.

मी म्हटलं, "परत सुरू करा ना, बारा जणी." त्यांनी मान हलवली. "आता कोणत्या तोंडाने? खांब तिकडे पडलीय. परत बारा जणी उभ्या केल्या तर तिला काय सांगू, मॅचच्या दिवशी नियम कुठे गेला होता? खेळात लागतं, हेच बरं आहे. त्यात कुणाचं नाव येत नाही."

ताई, सर जावेत की राहावेत, म्हणून मी तुला पहिलं पत्र लिहिलं होतं. आता ते राहिलेत. रोज संध्याकाळी शिट्टी वाजते, मला कामावर ऐकू येते. मी तिकडे बघत नाही.

मला महिनाअखेरपर्यंत पॅकिंगला ठेवलंय. पुढचं माहीत नाही. दादाला कळवलंय, त्याचं उत्तर नाही.

खांबला पण पॅकिंगलाच दिलंय, बसून करायचं काम म्हणून. काल आली. दारातून वाकली नाही, कुबड्यांमुळे तशीच वाकलेली आहे. आमच्या टेबलाला एकच स्टूल आहे. मी तिला बसवलं आणि उभ्याने खोक्यांच्या घड्या घालायला लागले. ती टीमचं काही बोलली नाही. कोण आत, कोण बाहेर, काही विचारलं नाही. मी मनात म्हणत होते, आता सांगते, हे खोकं झालं की सांगते. सरांना सांगता आलं, म्हणजे येतं मला. पाच-सहा खोकी झाली.

तेवढ्यात ती कुबडी भिंतीला लावून एका बाजूला सरकली. स्टूलवर अर्धी जागा केली. म्हणाली, "बस ग इथे. तुझाही पाय दुखत असेल उभं राहून."

मी बसले.

मुकी